आंघोळीनंतरची वेळ

टेप विसरला म्हणून मी परत वर गेले.

मांडीचा घेर मोजायचा टेप. शिंप्याकडं असतो तसाच साधा. लिफ्टनं खाली येऊन गेटबाहेर पडले होते, पिशवी चाचपली, टेप नव्हता. परत वर. दार पद्मानं उघडलं. पद्मा म्हणजे त्या घरात राहून काम करणारी बाई, आंध्रची. तिच्या हातात फवाऱ्याची छोटी बाटली होती. मला आत घेऊन तिनं हातातलं काम पुढं सुरू केलं. ज्या गादीवर मी आत्ताच तासभर मावशींचे पाय हलवले होते, त्या गादीवर ती फवारा मारत होती. गादी झाली. मग वॉकरच्या मुठी. मग मी बसते ते स्टूल.

ती बाटली मी रोज बघत होते. सॅनिटायझर असेल असं समजत होते. एकदा तर पद्माला शाबासकीही दिली होती. अच्छा करती हो, मॅडम की चमडी नाजूक है, असं म्हणाले होते.

त्या सकाळी वास आला. तो वास मी लहानपणापासून ओळखते.

"ये क्या है, पद्मा?"

"पूना से आता है, दीदी. गाय का."

"रोज मारती हो?"

"आप जाते ना, उसके बाद. पहले नहीं था. अभी मॅडम बोलती, दीदी गई कि पहले ये मारने का. फिर मॅडम का नहाना. फिर भगवान."

तिच्या मनात काही नव्हतं. भाजी कशी चिरायची सांगावं तसं सांगत होती. वर हसून म्हणाली, "आपका टाइम भी इसलिए चेंज किया ना. नहाने से पहले."

आत बाथरूममध्ये पाणी चालू होतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, हातात शॉवर धरून मावशी अंग धूत होत्या. स्तोत्र म्हणत होत्या. आवाज स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं. पुण्याचा आवाज.

टेप स्टुलाखाली पडला होता. उचलला. ओला होता.

खाली आले. बसस्टॉपवर उभी राहिले. सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन डोक्यावर बसलं होतं. बस आली, गेली. मी बघत राहिले.

मी कोण ते सांगते. मी फिजिओथेरपिस्ट. बीपीटीएच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. कुणाच्या चिठ्ठीवर नाही, कुणाच्या पाया पडून नाही. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन कुवेतला आले. फरवानियातल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी. राहायला अब्बासियात, दोन मल्याळी नर्सबरोबर एका फ्लॅटमध्ये. घरोघर जाऊन पेशंट बघते. पक्षाघात, तुटलेलं खुब्याचं हाड, मणक्याची दुखापत.

जात मांग. उदगीरची. बाप केरसुण्या बांधायचा, हलगी वाजवायचा. माय सुईण. अर्ध्या गावाची बाळंतपणं मायच्या हातावर झाली. बाळंतीण सुटली की पुढं महिना-सव्वा महिना तेल लावायला जायची. बाळाला, बाळंतिणीला. मी शाळेत जायच्या आधीच्या वयात तिच्याबरोबर जायची. मला दाराबाहेर बसवून ती आत जायची. बाळ रडायचं, मग गप व्हायचं. माय बाहेर यायची, तिच्या मागं दार लागायचं. आणि दारामागं पाणी सुरू व्हायचं. बादल्यावर बादल्या. मग हा वास.

मी विचारायची, "माय, आत काय चाललंय?"

माय म्हणायची, "बाळाला न्हाऊ घालायलेत."

एवढ्याशा बाळाला एवढं पाणी कशाला, असा प्रश्न मला पडायचा. मायला सांगितलं नाही कधी.

आता मावशींचं सांगते.

त्या माझ्या कुणी नात्याच्या नव्हत्या. पेशंट. साल्मियातला समुद्राकडं तोंड असलेला फ्लॅट. नवरा पेट्रोकेमिकलमध्ये मोठा इंजिनिअर. त्यांना सगळे काका म्हणायचे. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत हे दोघं. मावशी पोरांना श्लोक शिकवायच्या, नाटकं बसवायच्या. फाहाहीलकडून येताना त्यांची गाडी उलटली. पाठीच्या मधला मणका फुटला. इथंच ऑपरेशन झालं. सर्जननं सळ्या आणि स्क्रू घालून मणका बसवला, आत दबलेला मज्जारज्जू मोकळा केला. रिपेअर उत्तम झालंय, असं तो म्हणाला.

घरच्यांनी 'उत्तम' तेवढं ऐकलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी मला जिन्याबद्दल विचारलं. म्हणाले, "गणपतीला पुण्याला जायचंय. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेवढं बघा."

मी मावशींच्या मांडीवरची चादर बाजूला केली. मांडी म्हणजे नुसतं कातडं लोंबत होतं. अपघाताला फार दिवस झाले नव्हते, तरी ही गत. माणूस आजारी पडला की बारीक होतो, ते वेगळं. ज्या स्नायूला वरून हुकूम येणं बंद होतं तो भराभरा उतरतो. हाताखाली ओल्या कणकेसारखा लागतो.

काकांना समजेल असं सांगितलं. "काका, तुमच्या प्लँटमध्ये तुटलेली लाइन जोडली की लगेच माल येतो का?"

"नाही. टेस्टिंग असतं, प्रेशर हळूहळू वाढवायचं असतं."

"आणि पाइप तोवर रिकामा राहिला तर?"

"गंजतो."

"मग ऑपरेशननं लाइनीवरचा दाब काढलाय. आत किती तारा शाबूत आहेत ते कुणालाच माहीत नाही. जेवढ्या आहेत तेवढ्यांतून हुकूम आला, तर तो घ्यायला खाली स्नायू शिल्लक पाहिजे. तो शिल्लक ठेवायचं काम माझं. जिन्याचं मी आज सांगू शकत नाही."

काकांना आवडलं नाही. मावशी मात्र माझ्याकडं बघत राहिल्या.

तेव्हा माझी वेळ दहाची होती. मावशींची आंघोळ, पूजा, नाश्ता झाला की मी पोचायची. क्लिनिकची गाडी सोडायची. पाय वाकवायचे, ताणायचे, करंटचे पॅड लावून स्नायू हलवायचा, कडेला धरून बसवायचं, फळीला पट्ट्यांनी बांधून उभं करायचं. आणि रोज शेवटी एक गोष्ट. मांडीवर गुडघ्याच्या वर बोटं ठेवायची. उघड्या कातडीवर. आणि म्हणायचं, "मावशी, गुडघा खाली दाबा."

काही नाही.

"दाबा."

काही नाही. रोज काही नाही.

एकदा सकाळी मावशींचा पाय आपोआप उडाला. चादर फेकून गुडघा ताठ झाला, थरथरला. काकांनी व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पुण्यात कुणी तरी अभिषेक केला होता, त्याचं फळ म्हणून उत्तरं आली. मी पोचले तर घरात शिरा.

मी व्हिडिओ बघितला. खोटं बोलता आलं असतं, शिरा खाता आला असता. पण सांगितलं, "हा झटका आहे. पाय स्वतःहून उडतो, मावशींनी हलवलेला नाही. ह्याला सुधारणा म्हणत नाहीत. उलट हे वाढलं तर पाय आखडेल."

काका म्हणाले, "तुम्ही फार निगेटिव्ह बोलता हो."

तेव्हा मावशी बोलल्या. "बोलू दे तिला. एवढ्या लोकांत खरं सांगणारी तीच एक आहे." मग माझ्याकडं वळून, "आणि ते मॅडम-मॅडम पुरे झालं. मावशी म्हण मला."

त्या दिवसापासून मावशी. मला परदेशात कुणी नव्हतं. मी तो शब्द जपून वापरला.

मग एक दिवस तो क्षण आला. बोटं मांडीवर होती. मी रोजच्यासारखं म्हणाले, "दाबा." आणि बोटाखाली काही तरी सरकलं. डोळ्यांना काही दिसलं नाही. गुडघा जागचा हलला नाही. पण बोटाखाली, कातडीच्या आत, दोरा ओढावा तसं बारीक काही तरी ताणलं गेलं आणि सुटलं.

"परत दाबा."

परत.

"थांबा. दाबू नका." शांत. "आता दाबा."

आलं. हुकूम दिला की येत होतं. हुकूम थांबला की थांबत होतं. झटका असा नसतो. हे मावशींचं स्वतःचं होतं.

मी मावशींचा हात घेतला, त्यांची बोटं माझ्या बोटांशेजारी ठेवली. म्हणाले, "आता तुम्हीच बघा." त्यांनी दाबलं. त्यांना कळलं. आम्ही दोघी रडलो. मावशी माझा हात सोडेनात. त्यांनी तो हात स्वतःच्या डोळ्यांना लावला.

"एवढी जाण कुठून आली गं या हातात?"

मी सांगितलं. इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, डिग्री कॉलेजनं दिली, पण हात मायचा आहे. माय सुईण आहे आमची. पोटावर हात ठेवून बाळ कुठं अडलंय ते सांगते. मग दाराबाहेर बसायचं ते सांगितलं, बंद दाराचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. माय त्यावर कधी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही, हेही सांगितलं. जात वेगळी सांगावी लागली नाही. आपल्याकडं एवढं सांगितलं की कळतं.

मावशींचे डोळे भरलेलेच होते. म्हणाल्या, "किती सोसलंय गं तुम्ही लोकांनी."

'तुम्ही लोकांनी.' तो शब्द मी ऐकला. पण त्या दिवशी मी एवढ्या आनंदात होते की तो कानावरून गेला.

पुढच्या आठवड्यात मावशींचा फोन. "अगं, सकाळी सातला येशील का? सकाळी कसं, मी ताजी असते. दहाला थकवा येतो."

मला केवढा अभिमान वाटला. सातला क्लिनिकची गाडी नसते. मी म्हणाले, हो, बसनं येते. पहाटे अब्बासियातून कंपन्यांच्या बसेस भरून निघतात, त्या गर्दीतून वाट काढत मी माझी बस पकडायची. फ्लॅटमधल्या दोघींना सांगितलं, बघा, पेशंटला केवढी ओढ लागलीय, माझ्यासाठी पहाटे उठून बसते. त्यांतली शायनी म्हणाली, "तेरा पेशंट नहीं, तेरा स्टुडंट है वो." मी हसले. मी फुशारकी मारत होते. माझ्या स्पर्शानंतर आंघोळ करता यावी म्हणून बदललेल्या वेळेची.

आणि मांडी वाढायची थांबली.

ते मला समजेना. बोटाखाली आलेला स्नायू दिसायला लागला होता. कुशीवर वळवलं की गुडघा थोडा सरकायचा. इथून पुढं रोज थोडं थोडं मिळायला हवं होतं. टेप तोच आकडा दाखवायचा. सकाळी उठल्या उठल्या पाय आखडलेले असायचे, ते सैल करण्यातच वेळ जायचा. झटके वाढले. कमरेखाली कातडी लाल दिसायला लागली. मी व्यायाम बदलले. पुस्तकं काढली. कॉलेजातल्या सरांना मेसेज करून विचारलं. मावशींना विचारलं, दिवसभरात काही जास्त होतंय का, काही बदललंय का?

"नाही गं. तू आहेस ना, मी निवांत आहे."

आता कळतं. दमलेल्या पायांनी बाईला बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमच्या खुर्चीत, भरपूर पाणी, परत खुर्चीत, मग देवासमोर पूजा होईपर्यंत एकाच जागी बसून. रोज. ज्या स्नायूला व्यायामानंतर आडवं पडून विसावा हवा, त्याला ही शिक्षा. ज्या कातडीला कोरडं ठेवायचं, जी एका जागी दाबून ठेवायची नाही, ती ओलसर आणि दाबलेली. माहेरच्या माणसासारखं विचारलं तेव्हाही त्या माझ्या तोंडावर नाही म्हणाल्या. आणि मी दोष माझ्या हाताला देत होते. माझ्याच हाताला.

टेपच्या त्या दिवशी संध्याकाळी मायला फोन लावला. सगळं सांगितलं. बाटली, पाणी, सातची वेळ.

माय पहिलं काय म्हणाली असेल? "पाय कसा हाय त्यांचा?"

"माय, मी काय सांगायले आणि तू काय विचारायलीस?"

"आपलं काम पायाचं. पाण्याकडं कशाला बघायलीस?"

मग जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. "माय, ते पाणी बाळासाठी नव्हतं ना?"

माय म्हणाली, "मला ठाऊक व्हतं की. तुला कशाला सांगू? बारकी व्हतीस."

"तुला काहीच वाटायचं नाही?"

"वाटून काय करू? दुसऱ्या दिशी लेकरू वाट बघायचं माझ्या हाताची. लेकराला जात कळत न्हाई."

"मावशींना कळते, माय."

"मग तू काय करणार हाईस?"

मी म्हणाले, "मी दाराबाहेर बसणार नाही."

माय म्हणाली, "बघ बाई. तू शिकलेली." त्यात टोमणा नव्हता, अभिमानही नव्हता. भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी सातला गेले नाही. दहाला गेले. फोन आले होते, घेतले नाहीत.

मावशी व्हीलचेअरवर, देवघरासमोर. केस ओले, अंगावर कोरी साडी, कपाळाला गंध. हातात फुलांचं ताट. काका पेपर घेऊन सोफ्यावर.

"अगं, होतीस कुठं? आम्ही काळजीत. आज खाडा झाला ना."

"खाडा नाही. आत्ता करू. आंघोळ झाली ना तुमची?"

"झाली की."

"मग चला गादीवर. मांडी तपासायचीय."

मावशींचे हात ताटावरच थांबले. "आता? अगं, नैवेद्य व्हायचाय अजून."

"झाला की करू. मी थांबते."

"नको, आज राहू दे. उद्या ये सातला."

मी त्यांच्या समोर खाली बसले. गुडघ्यांच्या उंचीला. रोज बसते तशी. "मावशी, माझा हात लागला की काय होतं?"

"काय होतं म्हणजे? काही नाही होत. काय विचारतेस असं?"

"मग आत्ता ठेवू का?"

त्यांनी खुर्ची मागं घेतली. थोडीशीच. चाकाचा आवाज झाला.

पद्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मी मध्ये ओढलं नाही. "बाटली मी बघितली. त्यात काय असतं तेही मला कळतं. वास ओळखते मी."

मावशींनी फुलांचं ताट देवापुढं ठेवलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला. पोरांना श्लोक समजावून सांगताना होत असेल तसा. "हे बघ, तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. एकेका घरची रीत असते. मला सवय आहे, तेवढी केल्याशिवाय पूजेत मन लागत नाही. तू नको मनाला लावून घेऊस. तुझ्या आईनं कुठं लावून घेतलं कधी? तूच सांगितलंस ना."

तूच सांगितलंस ना.

ज्या हातात हात देऊन मी ते सांगितलं होतं, त्याच हातानं ते माझ्या तोंडावर फेकलं. बाटलीचं मला एवढं लागलं नव्हतं. बाटल्या मी बघितल्यात. पण मायच्या मागं लागलेलं ते दार मी त्यांच्यापाशी ठेवायला दिलं होतं. त्यांनी त्यातून आपली सोय करून घेतली. आई गप बसली, मग मुलगीही गप बसेल.

काका पेपर ठेवून उठले. "काय चाललंय हे? पेशंटशी कुणी असं बोलतं? आम्ही तुला घरातलं मानलं."

"घरातल्या माणसांच्या मागं काय फवारता काका तुम्ही?"

"तोंड सांभाळून बोल. एवढी इम्प्रूव्हमेंट आलेली असताना हे अर्धवट सोडणं प्रोफेशनल आहे का? डिग्री घेतली म्हणजे झालं? सेवाभाव नको?"

"सोडत नाहीय काका. वेळ सांगायला आलेय." मी मावशींकडं वळले. त्यांच्याशीच बोलायचं होतं. "दहा वाजता. आंघोळ झाल्यावर, पूजा झाल्यावर. व्यायाम झाला की आडवं पडायचं, विसावा घ्यायचा. त्यानंतर आंघोळ नाही. तुमच्या स्नायूला तेच हवंय, तुमच्या कातडीला तेच हवंय. आणि मलाही तेच हवंय. माझा हात लागलेल्या अंगानंच तुमचा दिवस जाईल. संध्याकाळचा दिवाही त्याच अंगानं लावायचा. जमत असेल तर आत्ता साडी वर घ्या, मी बोटं ठेवते. जमत नसेल तर ही मांडी माझ्या हाताखाली परत येणार नाही."

मी हात पुढं केला नव्हता. स्वतःच्या मांडीवर ठेवून वाट बघत होते.

मावशींनी माझ्या हाताकडं बघितलं. त्यांना माहीत होतं तो हात काय करतो. त्या घरात, सगळ्या कुवेतमध्ये, त्यांच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं. दोरा ओढल्यासारखं ते पहिलं सरकणं आमच्या दोघींच्याच बोटांना ठाऊक होतं. मला वाटलं, येईल. हुकूम येईल. एक क्षण मला खरंच वाटलं.

मावशींनी साडीचा घोळ सारखा केला आणि गुडघ्यावर ओढून घेतला. नीट, घोट्यापर्यंत.

ते उत्तर होतं.

मी उठले. टेप पिशवीत होता. चपला घातल्या. मागं काका क्लिनिकला फोन लावत होते. लिफ्टचं बटण मी दाबलं. माझंच बोट. झटका नव्हता तो. हुकूम माझाच होता.

क्लिनिकच्या मॅनेजरनं बोलावलं. भला माणूस, केरळचा. म्हणाला, "सिस्टर, उनका रिलिजन है. थोडा अ‍ॅडजस्ट करो. बिग क्लायंट है." मी म्हणाले, ऑर्डर द्यायची तर लेखी द्या, की मी पेशंटला आंघोळीच्या आधीच हात लावायचा, कारण मी अमुक जातीची आहे. तशी ऑर्डर द्या, मी जाते. त्यानं काही लिहिलं नाही. मला त्या घरी परत पाठवलंही नाही. पुढं मंडळातल्या बायकांकडून कानावर आलं, मी उद्धट आहे. डोक्यात हवा गेलीय. बरं केलं तरी उलटतात ही माणसं. एकीनं एवढंही सांगितलं की आता पुण्याहून कुणी व्हिडिओ कॉलवर व्यायाम सांगतं.

व्हिडिओला बोटं नसतात. एवढंच मी म्हणाले.

त्या मांडीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. उतरली असेल. न वापरलेला स्नायू उतरतोच, तो कुणाची जात बघत नाही. मला त्याचा आनंद नाही. दुःख आहे, कारण ती मांडी मी वाढवली होती, तिच्यातलं पहिलं जिवंतपण माझ्या बोटांनी ओळखलं होतं. पण पाप माझं नाही. एका बाईनं पाय आणि विटाळ यांतून विटाळ ठेवून घेतला. तिनं निवडलं. ते मी माझ्या अंगावर घेणार नाही.

मायला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पाय वाया गेला की गं." मी म्हणाले, "जाऊ दे माय. तुझ्या मागं किती दारं लागली, किती पाणी वाया गेलं, ते कुणी मोजलं?" मायनं फोन ठेवला नाही.

मी कुवेतमध्येच आहे. त्याच अब्बासियात, त्याच नोकरीत. कुवेती बायका, इजिप्तचे म्हातारे, बांगलादेशी ड्रायव्हर, सगळ्यांच्या पाठीवर, पायांवर माझा हात असतो. मराठी घर असलं की मी आधी उंबऱ्यात उभी राहून सांगते. मी उदगीरची. मांगाची. सुईणीची मुलगी. फिजिओथेरपिस्ट. चेहरा बदलतो का ते बघते. बदलला तर खाली उतरते. टेप पिशवीतून काढतही नाही.

आणि सातची वेळ मी कुणाला देत नाही. आंघोळ, पूजा, काय असेल ते आधी उरकून घ्या. मी दहाला येईन. उघड्या कातडीवर हात ठेवीन. आणि तो हात दिवसभर तुमच्या अंगावर राहील.

हे मान्य असेल तरच दार उघडा.